गावची लोकसंख्या, गावची बस: गोव्यातल्या खेड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नोकरी झाली आणि २००१ व २०११ या दोन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरलो. तेव्हापासून गावच्या आकड्यांविषयी विचारणा सुरू आहे. दहावीचा प्रकल्प करणारी मुलं विचारतात, नवे निवडून आलेले पंच विचारतात, मुंबईत तीन पिढ्या काढलेले आणि आता ‘आमचं मूळ गाव’ शोधणारेही विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. एकाच गोष्टीला दोन प्रश्न भिडतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या गावाची लोकसंख्या नेमकी कुठे पाहायची?

जिल्हा जनगणना पुस्तिकेत. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे होते, म्हणून पुस्तिकाही दोन. दोन्ही जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तिकेत तुमच्या गावाची एकेक ओळ दोन ठिकाणी सापडेल. प्राथमिक जनगणना सारात माणसं असतात: कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे. ग्रामनिर्देशिकेत सोयी असतात: शाळा, दवाखाना, पाणी, टपाल, रस्ता, बस. बहुतेक जण पहिली ओळ वाचून पुस्तिका बंद करतात. गाव कळायचं असेल तर दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

२. २०११ चे आकडे आता शिळे झाले. नवे का नाहीत?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या मोजणीचे गाववार आकडे छापून हाती येईपर्यंत २०११ चेच वापरायचे आणि शेजारी ‘२०११’ असं ठळक लिहायचं. गोव्याची लोकसंख्या तेव्हा १४,५८,५४५ होती, सत्तरी तालुक्याची ६३,८१७. काही मुलं राज्याचा वाढीचा दर घेतात, आपल्या गावाच्या आकड्याला लावतात आणि ‘आजची लोकसंख्या’ काढतात. तसं करू नका. राज्याची वाढ एका गावाला लावणं म्हणजे पणजीच्या पावसावरून चोर्ला घाटातला पाऊस सांगणं. खाणपट्ट्यातल्या गावांत तर ते फारच चुकतं (प्रश्न २० पाहा).

३. जनगणनेतलं ‘गाव’ आणि आमचं गाव एकच ना?

बहुधा नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

गोव्यातला माणूस ‘गाव’ हा एकच शब्द चार अर्थांनी वापरतो. पहिलं महसुली गाव: ज्याच्या सीमा सर्वेच्या नकाशावर आहेत आणि ज्याचं नाव तुमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर असतं. दुसरी पंचायत: एका पंचायतीखाली बऱ्याचदा एकाहून जास्त महसुली गावं येतात, सत्तरीत तर बरीच. तिसरी कोमुनिदाद किंवा जुनी गावकरी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था: तिच्या हद्दी इतिहासातल्या आणि आजच्या नकाशाशी जुळतीलच असं नाही. चौथा वाडा: माणूस खरं तर राहतो तिथे. ‘कुठला रे तू?’ असं विचारलं तर सत्तरीतला माणूस आधी वाडा सांगतो.

जनगणनेला यातलं फक्त महसुली गाव कळतं. वाड्याला तिच्या लेखी अस्तित्व नाही. त्यामुळे ‘आमच्या गावात सातशे माणसं, तक्त्यात दोनशे कशी?’ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, सातशे कोणाची, पंचायतीची की गावाची? उलटंही होतं. वाड्यालाच गाव समजणारा तक्त्यातला मोठा आकडा पाहून चक्रावतो.

पंचायतीची लोकसंख्या हवी असेल तर पंचायतीतल्या महसुली गावांची यादी सचिवाकडून घ्या आणि बेरीज करा. वाड्याची हवी असेल तर स्वतः मोजा. दुसरा मार्ग नाही.

४. यादीत गावाचं नावच सापडत नाही. किंवा एकाच नावाची दोन-तीन गावं दिसतात. काय करू?

याद्या रोमी अक्षरांत असतात आणि स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं. केरी शोधायची तर ‘के’खाली नाही, ‘क्यू’खाली. शेल्डे ‘एस’खाली नाही, ‘एक्स’खाली. मोर्ले, पर्ये, केपे यांच्या शेवटी एक ‘एम’ असतो. तो नाकातून गेलेल्या उच्चाराचा, वाचायचा नाही.

एकाच नावाची गावं तर भरपूर. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही. सुर्ला सत्तरीत घाटमाथ्यावर आहे आणि डिचोलीतही. सावर्डे सत्तरीत आहे, दक्षिणेतही. एका विद्यार्थिनीने सत्तरीतल्या केरीवर सुंदर प्रकल्प केला होता आणि त्यात फेरीबोटीचा रकाना भरला होता. फेरी होती पेडण्याच्या केरीची. म्हणून नावावर विसंबू नका. प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी सांकेतांक असतो, तो टिपून ठेवा आणि पुढे सगळीकडे तोच वापरा.

५. आमच्याकडे पंचायत आहे, ग्रामसभा भरते, तरी जनगणनेत आम्ही ‘शहर’ कसे?

तुमचं गाव ‘जनगणना शहर’ ठरलं आहे. त्याला तीन कसोट्या लागतात: लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही जमल्या की जनगणना त्या गावाला शहरात टाकते. नगरपालिका मात्र येत नाही, पंचायत पंचायतच राहते. कळंगुट, हळदोणे, शिवोली ही अशीच गावं.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्यातली शहरं ४४ वरून ७० झाली. त्यातल्या नगरपालिकावाल्या १४ होत्या तेवढ्याच राहिल्या, बाकी सगळी भर जनगणना शहरांची. त्यामुळे खेड्यांची संख्या ३५९ वरून ३३४ वर आली. अशा गावाची ओळ ग्रामनिर्देशिकेत सापडणार नाही, नगरनिर्देशिकेत शोधा.

६. गोव्याच्या खेड्यांत २००१ ला ६,७७,०९१ माणसं होती, २०११ ला ५,५१,७३१. सव्वा लाख लोक गाव सोडून गेले?

नाही. मोठी गावंच शहरांच्या यादीत गेली, माणसं आपापल्या घरी होती. कारण प्रश्न ५ मध्ये आलं आहे. भाषणांत हा आकडा ‘ओस पडणारी खेडी’ म्हणून फेकला जातो. ओस पडणारी खेडी आहेत, पण ती ओळखायला एकाच गावाचे दोन जनगणनांतले आकडे समोरासमोर ठेवावे लागतात. त्याआधी सीमा तीच आहे ना हे पाहावं.

७. मुलगा आखातात नोकरीला, सून-नातवंडं गावात. गावच्या लोकसंख्येत मुलगा धरला का?

२०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या काळात जो पूर्ण वेळ किंवा काही दिवस तरी घरी होता, तो धरला. अख्खा काळ बाहेर होता तो त्या घरात धरला नाही, रेशनकार्डावर नाव असलं तरी. आखातात किंवा बोटीवर असलेला, त्या तीन आठवड्यांत सुट्टीवर आलेला नसला तर गावच्या आकड्यात नाही. वाळपईत (सत्तरीचं मुख्य ठिकाण) खोली घेऊन शिकणारी मुलगी वाळपईच्या आकड्यात.

घरातल्या म्हाताऱ्यांना हे पटत नसे. ‘त्याचं नाव लिही, तो येणार आहे चतुर्थीला,’ असं एका आजीने मला तीनदा सांगितलं. चतुर्थी सात महिन्यांवर होती.

मतदारयादीतला आकडा याहून वेगळा येतो. तिथे फक्त अठरा वर्षांवरचे आणि नाव नोंदवलेले असतात.

८. साक्षरतेची टक्केवारी मी काढली ती छापील आकड्याशी जुळत नाही.

तुम्ही एकूण लोकसंख्येने भागलंत. सहा वर्षांपर्यंतची मुलं आधी वजा करायची. समजा गावात ८०० माणसं, त्यांत ८० लहान मुलं, साक्षर ६१२. तर ६१२ ला ७२० ने भागायचं: ८५ टक्के. ८०० ने भागलं तर ७६.५ येतात आणि गाव उगाच अडाणी ठरतं.

९. आमच्या गावात हजार पुरुषांमागे ११७४ स्त्रिया! हे खरं असू शकतं?

गाव केवढं आहे त्यावर आहे. ४६ पुरुष आणि ५४ स्त्रिया असल्या की ११७४ येतात. चार पुरुष कामाला बाहेर गेले, की आकडा उसळतो. शंभर माणसांच्या गावाचं गुणोत्तर काढूच नये, ‘४६ आणि ५४’ असंच लिहावं. राज्यपातळीवर मात्र या आकड्याला अर्थ आहे. २०११ ला पूर्ण गोव्यात हजारामागे ९७३ स्त्रिया होत्या, ग्रामीण गोव्यात १००३.

१०. २००१ च्या तक्त्यात गावात अनुसूचित जमातीचं कोणीच नाही, २०११ ला अर्धा गाव. आकडे बनवलेत का?

बनवलेले नाहीत. माणसं तीच, यादी बदलली. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा गोव्याच्या अनुसूचित जमातींत समावेश २००३ साली झाला. २००१ ची जनगणना त्याआधीची, म्हणून तेव्हा अख्ख्या गोव्यात या वर्गाची माणसं फक्त ५६६. २०११ ला ती १,४९,२७५ झाली, म्हणजे दर दहांत एक. आमच्या भागातले धनगर मात्र या यादीत आले नाहीत. त्यामुळे धनगरवाडा असलेल्या गावात हा रकाना रिकामा दिसला म्हणून तिथे डोंगरातला कष्टकरी समाज नाही असं समजू नका.

११. आई पहाटेपासून कुळागरात राबते. तक्त्यात ती ‘काम न करणारी’ आणि बाबा ‘इतर कामगार’. आम्ही शेतकरी नाही का?

हा प्रश्न आला की मला अपराधी वाटतं, कारण असे रकाने मीही भरले आहेत.

आधी बाबांचं. जनगणनेच्या व्याख्येत भात, नाचणी, कडधान्यं, ऊस, भाजी, फळबाग म्हणजे शेती. चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी ही पाच पिकं मात्र मळ्याची पिकं म्हणून शेतीतून वगळली आहेत. आता कुळागर म्हणजे काय, तर सुपारी आणि माड. मधे केळी, मिरी, जायफळ असतं, पण कणा सुपारीचा. म्हणून कुळागरावर जगणारा माणूस ‘शेतकरी’ न होता ‘इतर काम करणारा’ होतो आणि त्याच रकान्यात शिक्षक, बसचा कंडक्टर, ट्रकचा ड्रायव्हर आणि दुकानदार बसतात. सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण इथल्या कुळागरांच्या गावात शेतकरी कमी दिसले तर त्याचं कारण हे असू शकतं. काजूची बाग असलेला मात्र शेतकरी. शेजारी शेजारी दोन भाऊ, एकाला कुळागर, दुसऱ्याला काजूचा डोंगर, आणि दोघे दोन रकान्यांत.

आता आईचं. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’. काजूचा हंगाम मार्च ते मे, म्हणजे फक्त काजूवर राबणारी बाई सीमांतिक होणार हे ठरलेलंच. पण आईचं काम त्याहीपुढे गळतं. प्रगणक उंबऱ्यावर विचारतो, ‘काय करता?’ आणि घरातले पुरुष, कधी ती स्वतःही, उत्तर देते: ‘कांय ना, घरांतच.’ पाट फिरवणं, सुपाऱ्या सोलणं, गुरांचं करणं, पाटली (टोपली) घेऊन शेणखत वाहणं हे सगळं त्या ‘कांय ना’मध्ये जातं. नियमाप्रमाणे प्रगणकाने खोदून विचारायला हवं. दिवसाला किती घरं, ऊन किती, वाडे किती लांब, हे पाहता किती जण विचारत असतील ते मला ठाऊक आहे. नव्या जनगणनेला तुमच्या दारात कोणी आलं तर आईलाच पुढे बसवा आणि तिलाच उत्तर देऊ द्या.

१२. आमच्या कुळाचं गाव यादीत आहे, पण लोकसंख्या शून्य. असं गाव असतं?

असतं. महसुली गावाची नोंद माणसं गेली तरी पुसली जात नाही. २०११ च्या ३३४ खेड्यांपैकी वस्तीची ३२० होती, उरलेली निर्जन. कारणं वेगवेगळी: कुठे कधी वस्तीच नव्हती, कुठे सगळा वाडा शेजारच्या गावात सरकला, कुठे धरण आलं. सांगे तालुक्यातलं कुर्डी हे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं वाडे आणि वालकिणी या गावांत वसवली गेली. मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती, विहिरी, तुळशीवृंदावनं उघडी पडतात आणि कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. जनगणना फेब्रुवारीत असते. त्या महिन्यात तिथे मोजायला पाणीच असतं.

१३. वाहतुकीच्या भागात कोणकोणते रकाने असतात?

दोन गट. एक वाहनांचा: सरकारी बस, खाजगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी, व्हॅन, ट्रॅक्टर, सायकलरिक्षा, जनावरांची गाडी, नदी-समुद्रातली फेरी. दुसरा रस्त्यांचा: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग गावाला जोडतो का, डांबरी रस्ता, कच्चा रस्ता, बारमाही रस्ता, पाऊलवाट. उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच. नसेल तर जवळच्या सोयीचं अंतर अक्षरात: ‘ए’ म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, ‘बी’ म्हणजे ५ ते १०, ‘सी’ म्हणजे १० च्या पुढे. शिवाय तालुक्याचं ठिकाण आणि जवळचं शहर किती लांब, तेही दिलेलं असतं.

१४. तक्त्यात ‘बस आहे’. आमच्या वाड्यावर आजवर बस आली नाही. खोटं लिहिलंय का?

खोटं नाही, आणि मी म्हणेन खरंही नाही. बस गावाच्या सीमेत कुठेही थांबत असेल तर रकान्यात ‘आहे’. किती फेऱ्या, किती वाजता, रविवारी येते का, पावसात येते का, शेवटची बस चुकली तर काय, यातलं काहीच त्या एका शब्दात मावत नाही.

आता आमच्याकडची गावं डोळ्यांपुढे आणा. एक मोठा रस्ता, त्यावर तिठा, तिठ्यावर देऊळ किंवा बार, तिथे बसथांबा. तिथून एक वाडा नदीकडे, एक डोंगरावर, एक ओहोळापलीकडे. २०११ च्या मोजणीत माझ्याकडे सहा घरांचा एक वाडा होता. तिठ्यापासून चढणीची वाट, अर्ध्या तासाला थोडं जास्त. त्या सहा घरांच्या ओळीतही ‘बस आहे’ हेच लागू, कारण ओळ गावाची असते. वाळपईला उच्च माध्यमिकात जाणारी तिथली मुलगी टॉर्च घेऊन घरून निघायची आणि परतीची बस चुकली की मावशीकडे राहायची. तिचं नाव कुठल्याच तक्त्यात ‘बस नाही’खाली येणार नाही.

म्हणून गावाची माहिती लिहिताना मी मुलांना चार वेगळ्या ओळी लिहायला लावतो: पहिली बस किती वाजता, शेवटची किती वाजता, सर्वांत लांबच्या वाड्यापासून थांबा चालत किती मिनिटं, आणि रविवारी काय. या चार ओळींनी जे कळतं ते पुस्तिकेची चार पानं वाचून कळत नाही.

१५. गावात येते ती बस कदंबाची नाही, खाजगी आहे. मग ‘सरकारी बस नाही’ म्हणजे गाव मागासलेलं?

नाही. कदंब परिवहन महामंडळ १९८० सालचं. त्याआधीपासून गोव्यात खाजगी बसवालेच माणसं वाहत होते आणि आजही खेड्यापाड्यांतल्या फेऱ्यांचा मोठा भार त्यांच्यावरच आहे. फरक दुसरीकडे आहे. खाजगी बसवाला दुपारची रिकामी फेरी टाळतो, लग्नाची वरात मिळाली तर संध्याकाळची फेरीही टाळतो. कदंबा तोटा सोसून फेरी चालवते, पण गाडी बिघडली की दुसरी कधी मिळेल ते सांगता येत नाही. आमच्या रस्त्यावर दोन्ही होत्या तेव्हा लोक कुठलीही पहिली येईल तिला हात करत.

१६. पायलट आणि बालरथ कुठल्या रकान्यात लिहू?

जनगणनेच्या रकान्यांत दोन्ही बसत नाहीत. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटारसायकल. तिला रीतसर परवाना असतो, पण निर्देशिकेत तिचा रकाना नाही. बालरथ ही अनुदानित शाळांसाठीची बस, तिच्यात फक्त विद्यार्थी बसतात. तुमच्या अहवालात ‘इतर’ असा रकाना काढून दोन्ही लिहा. ‘बालरथ येतो म्हणजे बस येते’ असं मात्र लिहू नका. आजोबांना दवाखान्यात न्यायला बालरथ चालत नाही.

१७. दिवाडीसारख्या बेटावरच्या गावाला रस्त्याचं अंतर कसं मोजायचं?

दिवाडीला जुन्या गोव्याकडून, रायबंदरच्या बाजूने किंवा नार्व्याहून फेरीबोटीने जातात. तिथे किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, मिनिटं मोजा: फेरीची वाट किती, पार व्हायला किती, पलीकडे बस कधी. पायी माणसाला फेरीचं तिकीट पडत नाही. कोकण रेल्वेचा मार्ग दिवाडीवरूनच जातो, पण बेटावर स्थानक नाही. गाडी डोक्यावरून जाते आणि ती पकडायला नदी ओलांडून करमळीला जायचं. रेल्वेच्या रकान्यात म्हणूनच ‘रूळ’ नाही, ‘स्थानक’ विचारलं आहे.

१८. तेरेखोल गोव्यात, पण तिथे रस्त्याने जायला महाराष्ट्रातून जावं लागतं. हे कसं नोंदवायचं?

तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर गोव्याचा एवढाच तुकडा आहे. त्याची जमिनीवरची हद्द महाराष्ट्राच्या रेडीला भिडलेली. एक तर केरीहून (पेडण्याच्या, प्रश्न ४ पाहा) फेरीबोट, नाहीतर राज्याबाहेर जाऊन वळसा. अहवालात दोन अंतरं द्या, फेरीने आणि रस्त्याने, आणि फेरी कुठल्या वेळेत बंद असते तेही. एकच अंतर दिलंत तर वाचणारा रात्री काठावर अडकेल.

१९. ‘बारमाही रस्ता’ म्हणजे डांबरी रस्ताच ना?

नाही. डांबर असूनही ओहोळावरचा बुटका साकव पाण्याखाली जात असेल तर रस्ता बारमाही नाही. जुलै २०२१ च्या पुरात म्हादईकाठच्या गावांना हे पुन्हा कळलं. साकव कुठे आहे आणि वर्षात किती दिवस बंद पडतो हे गावात कोणीही सांगेल. विचारा आणि लिहा.

२०. आम्ही खाणपट्ट्यातले. २०११ चा आकडा आमच्या गावाला लागू पडतो का?

जपून वापरा. फेब्रुवारी-मार्च २०११ म्हणजे खनिजाची धावपळ जोरात होती तो काळ. पिसुर्ले, होंडा, डिचोलीचा पट्टा ट्रकांनी भरलेला, भाड्याच्या खोल्या बाहेरच्या कामगारांनी. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. खोल्या रिकाम्या झाल्या, दारातले ट्रक गंजले, गॅरेजं बंद पडली. म्हणजे २०११ ची ओळ त्या गावाचा ऐन भराचा काळ दाखवते. २००१ चा आकडा सोबत दिला तर वाचणाऱ्याला अंदाज येतो.

२१. घरोघर दुचाकी आहे. मग बसची एवढी चर्चा का?

२०११ च्या घरयादीत गोव्यातल्या अर्ध्याहून जास्त कुटुंबांकडे दुचाकी आणि साधारण चौथ्या हिश्श्याकडे मोटार होती. गाववार टक्केवारीही मिळते. पण गाडी कुटुंबाची मोजली जाते. घरात एक स्कूटर आणि ती सकाळी मुलाबरोबर औद्योगिक वसाहतीत गेली, की मागे उरलेल्यांना पायच. आणि तरुण दुचाकीवर गेले की बस रिकामी धावते, रिकामी धावली की फेरी कमी होते. त्यात पहिल्यांदा हाल होतात ते पेन्शन आणायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे.

२२. फोंडा कुठल्या जिल्ह्यात धरायचा? आणि धारबांदोडा यादीत का नाही?

२०११ च्या आकड्यांत फोंडा उत्तर गोव्यात आहे. २०१५ पासून तो दक्षिणेत आला. धारबांदोडा तालुका नवा, त्यातली गावं २०११ च्या यादीत सांगे तालुक्याखाली शोधा. जिल्ह्यांच्या बेरजा करताना हे विसरलात तर दीड लाखाहून जास्त माणसांचा फरक पडतो.

२३. जनगणनेत आमच्या आजोबांच्या घराची नोंद, नावानिशी मिळेल का?

नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने घराघराची माहिती गुप्त असते. मुळं शोधत असाल तर देवळाची महाजनकी (मानकरी घराण्यांची नोंद), जुने जन्मदाखले, जमिनीचे कागद हा रस्ता धरा.

२४. वाड्यावर बस हवी आहे. अर्जात कोणते आकडे द्यावेत?

‘लोकांची गैरसोय होते’ हे वाक्य काढून टाका, ते प्रत्येक अर्जात असतं. त्याजागी वाड्यावार माणसं द्या, तुम्ही मोजलेली (प्रश्न ३). कुठल्या शाळेत किती मुलं जातात आणि शाळा किती वाजता सुटते ते द्या. थांब्यावर सलग सात दिवस बसून प्रत्येक बसला किती चढले, किती उतरले ते टिपा. सातही दिवस घ्या म्हणजे आठवडाबाजार आणि रविवार दोन्ही येतात. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत कदंबाच्या आगाराला व वाहतूक खात्याला द्या. पूर्ण नवी फेरी मागण्यापेक्षा तिठ्यापर्यंत येणारी बस दोन किलोमीटर आत वाढवून मागा, ते लवकर होतं.

आणि अर्ज देण्यापूर्वी एक गोष्ट पाहून या: वाड्यावर बस वळवायला जागा आहे का? आमच्या गावची फेरी मंजूर होऊनही आठ महिने अडली होती ती देवळासमोरच्या कुंपणामुळे. बस वळताना त्याला घासत होती. शेवटी महाजनांनी कुंपण चार हात मागे घेतलं.